कमर्शियल आर्ट, अप्लाइड आर्ट, बी.डेस.: मुलांच्या फॉर्मवरच्या नावांमागची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. वीकेंडला वाचली तरी चालेल.

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या बहारीनच्या पालकांमध्ये एक प्रश्न फिरायला लागतो. "मुलगी ग्राफिक डिझाइन करायचं म्हणते. कुठे घालावं?" खाली उत्तरांची रांग लागते. कोणी जे.जे. म्हणतं, कोणी एनआयडी, कोणी पुण्याचं खासगी कॉलेज. कोणी म्हणतं, "इथेच घाला, डोळ्यांसमोर राहील." आणि एखादे काका हमखास असतात, "आधी इंजिनिअरिंग होऊ दे, मग छंद म्हणून काय ते करू दे."

तुम्ही फॉर्म उघडून बसता आणि गोंधळ आणखी वाढतो. बी.एफ.ए. उपयोजित कला, बी.डेस. कम्युनिकेशन डिझाइन, बी.ए. ग्राफिक डिझाइन, बी.एससी. मल्टिमीडिया, शिवाय एक वर्षाचा, सहा महिन्यांचा डिप्लोमा. एकाच कामाला इतकी नावं कशी? फी तर काही ठिकाणी काही हजारांत, काही ठिकाणी काही लाखांत.

ही नावं जाहिरात करणाऱ्यांनी काल-परवा काढलेली नाहीत. प्रत्येक नाव एका काळात पडलंय आणि त्या काळाला जे हवं होतं तेच तो कोर्स अजून थोडंफार शिकवतो. म्हणून मला वाटतं, फी आणि प्लेसमेंटचे आकडे बघण्याआधी ही गोष्ट माहीत असावी. आणि गंमत म्हणजे ती बरीचशी आपल्याच माणसांची आहे.

आधी आपण राहतो तिथून सुरू करू. आज सीफमध्ये बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून मॉलच्या पाट्या दिसतात, अरबी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. सीफ म्हणजे अरबीत किनारा, आणि इथली बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून केलेली. सीफ मॉल १९९७ चा. म्हणजे ज्या काळाबद्दल आता सांगतोय तेव्हा या जागी बहुतेक पाणीच होतं. १८८४ मध्ये मनामात टपाल कचेरी सुरू झाली ती भारतीय टपाल खात्याची. १९३३ मध्ये बहारीनच्या नावाची पहिली तिकिटं आली. ती काय होती? पाचव्या जॉर्जचं चित्र असलेली भारताची तिकिटं, वर काळ्या अक्षरांत 'बहारीन' छापलेलं. आणि भारताची तिकिटं १९२६ पासून कुठे छापली जात होती? नाशिकला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तुमच्यापैकी जे नाशिकरोडचे आहेत त्यांच्या घरातल्या कोणा आजोबांनी त्या प्रेसमध्ये नोकरी केली असेल, तर बहारीनच्या टपालाशी तुमच्या घराचा संबंध तुमच्या व्हिसापेक्षा जुना आहे.

पुढे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या क्रमांकाच्या रुपयाच्या नोटा काढल्या. इथे त्या १९६५ पर्यंत चालल्या, मग दिनार आला. दहा रुपयांना एक दिनार, असा तेव्हाचा भाव. (आजचा भाव आठवून उसासा टाकू नका.) नोट कुठली हे माणसाने एका नजरेत ओळखावं म्हणून रंग बदलायचा, अक्षर बदलायचं, हे सगळं ग्राफिक डिझाइनच. त्याला तेव्हा तसं कोणी म्हणत नव्हतं, एवढंच.

आता मुंबईला जाऊ.

मराठी छापील अक्षर सुबक झालं त्याचं मोठं श्रेय जावजी दादाजी या माणसाचं. घरची परिस्थिती बेताची. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ देवनागरी टाइप करत, त्यांच्या हाताखाली शिकले. १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे कारागीर, अक्षराचे साचे कोरण्यात पटाईत. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार हे सगळं धातूच्या तुकड्यांत बसवायचं म्हणजे किती खटपट असेल याची कल्पना करा. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं जगभरच्या अभ्यासकांकडे गेली. यातल्या कोणाकडे कसलीही पदवी नव्हती. शिक्षण झालं ते छापखान्यात, उस्तादाच्या शेजारी उभं राहून.

त्याच सुमारास दुसरी वाट सुरू झाली होती. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले आणि मार्च १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, आधी एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत. हीच आपली जे.जे. आज आपण तिला चित्रकारांची शाळा समजतो, पण ती काढली तेव्हा देशी कारागिराचा हात सुधारावा, त्याने चांगला माल घडवावा, हा हेतू होता. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे शिल्प शिकवायला आले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचा मुलगा रडयार्ड, पुढचा 'जंगल बुक'वाला, आवारातच जन्मला. व्हिक्टोरिया टर्मिनसवरची ती पानं, पक्षी, माकडं कोरण्यात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे "कला शिकून पोटाचं काय" हा प्रश्न ज्यांनी शाळा काढली त्यांनी पहिल्या दिवसापासून विचारलेला आहे. आपल्या काकांनी तो शोधून काढलेला नाही.

इथे एका विद्यार्थ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याचं उदाहरण मला या विषयात सगळ्यात उपयोगी वाटतं.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा. जन्म १८७०. वडील संस्कृतचे शास्त्री, पुढे मुंबईत कॉलेजात शिकवायला लागले. शास्त्र्याच्या घरातला मुलगा १८८५ मध्ये जे.जे.त दाखल झाला. त्या काळच्या नातेवाइकांनी काय म्हटलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. तिथलं झाल्यावर बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला, फोटोग्राफी, छपाईची प्रक्रिया असं बरंच काही शिकला. मग गोध्र्याला फोटोचा धंदा. तो चालला नाही. प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी, फोटो आणि नकाशे काढण्याची. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. मग छपाई. राजा रविवर्म्याच्या देवादिकांच्या चित्रांचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला होता, त्या कामाशी संबंध आला. मग दादरला स्वतःचा एनग्रेव्हिंग-प्रिंटिंगचा कारखाना, पुढे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आला. भागीदारांशी बिनसलं, कारखाना सोडला. वय चाळीस, हातात काही नाही. आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

दादासाहेब फाळके. आपण त्यांना सिनेमाचे जनक म्हणतो ते बरोबरच, पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं बघा. चित्र, फोटो, ठसा, रंगीत छपाई, मग हलतं चित्र. साधन दर काही वर्षांनी बदलत गेलं. या माणसाचं एकही साधन आयुष्यभर टिकलं नाही, आणि तरी प्रत्येक ठिकाणी तो आधीचं सगळं घेऊन पुढे गेला. आज मुलगी म्हणते "मला मोशन ग्राफिक्स करायचंय" आणि आपल्याला वाटतं हे काहीतरी नवीन फॅड आहे. फाळके त्याच वाटेने गेले होते.

त्याच जे.जे.त ८ जानेवारी १८९० रोजी कोल्हापूरचा आणखी एक मुलगा आला, महादेव विश्वनाथ धुरंधर. एक्केचाळीस वर्षं तो त्या आवारात राहिला, आधी विद्यार्थी, मग शिक्षक, शेवटी काही काळ संचालकाची खुर्ची, आणि त्या खुर्चीवरचा पहिला भारतीय. त्यांच्या आठवणींचं पुस्तक, 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे', १९४० मध्ये आलं. धुरंधरांनी मोठमोठी तैलचित्रं केली, पण पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं, पोस्टर्स हेही केलं आणि त्याची लाज बाळगली नाही. ही 'थोर कला' आणि 'धंद्याची कला' अशी वाटणी नंतर घट्ट झाली, आणि माझ्या मते तिने आपलं नुकसानच केलं.

ती वाटणी कागदावर आली १९३५ मध्ये. जे.जे.त कमर्शियल आर्टचा वेगळा विभाग निघाला. काळ बघा. गिरण्या, साबण, तेलं, औषधं, वर्तमानपत्रं, रेल्वे, सिनेमा. प्रत्येकाला जाहिरात हवी, पाकीट हवं, पाटी हवी. जाहिरात कंपन्या मुंबईत होत्या आणि त्यांना माणसं हवी होती. व्ही. एन. आडारकरांनी या विभागाची घडी बसवली. 'कमर्शियल' या शब्दामुळे शेजारच्या चित्रकारांनी नाकं मुरडली असतीलच. पण निम्न मध्यमवर्गातल्या, कोकणातून, गोव्यातून, देशावरून आलेल्या मुलांना चार-पाच वर्षांत हाताला काम देणारं ते शिक्षण होतं. डिप्लोमाचं नाव जी.डी. आर्ट. आपल्या वडलांच्या पिढीत कोणा 'आर्टिस्ट काकां'च्या नावापुढे ही अक्षरं तुम्ही वाचली असतील.

दीनानाथ दलाल आठवतात? मडगावचे, जन्म १९१६, जे.जे.चे. १९४५ मध्ये त्यांनी 'दीपावली' काढला. त्या मुखपृष्ठावरच्या बाया, ते रंग, ते अक्षर. घरातल्या दिवाणखान्यात दिवाळी अंक आला की आधी मुखपृष्ठ बघायचं, मग फराळाचं ताट. मराठी मध्यमवर्गाला चित्र बघायची सवय दलालांसारख्यांनी लावली, आर्ट गॅलरीने नाही. आणि ते सगळं 'कमर्शियल'च होतं.

आता १९५८. हे वर्ष लक्षात ठेवा, फॉर्मवरचे दोन वेगळे रकाने इथून निघतात.

या वर्षी जे.जे.चे तीन भाग झाले. चित्र-शिल्पाचं स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चरचं कॉलेज, आणि कमर्शियल आर्ट विभागाचं स्वतंत्र घर, सर जे.जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट. कमर्शियलचं अप्लाइड झालं, मराठीत 'उपयोजित कला'. जी.डी. आर्टच्या जागी पुढे मुंबई विद्यापीठाची बी.एफ.ए. पदवी आली. पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद, नागपूर, जिथे जिथे उपयोजित कलेचे वर्ग आहेत ते या झाडाच्या फांद्या. या झाडाचा गाभा जाहिरात. अक्षर, चित्र, मांडणी, फोटो, कॅम्पेन.

त्याच १९५८ मध्ये अमेरिकेचे चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला एक छोटा अहवाल दिला. त्यांना भारतातली सगळ्यात सुंदर वस्तू कुठली वाटली? तांब्या. आपला साधा लोटा. किती पाणी मावतं, कमरेवर कसा बसतो, धुताना हात आत जातो का, ओतताना धार कशी पडते, असे प्रश्न विचारत पिढ्यान्‌पिढ्या तो घडत गेला, असं त्यांचं म्हणणं. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. या दुसऱ्या झाडाचा गाभा जाहिरात नाही. वापरणारा कोण, त्याची अडचण काय, तिथून सुरुवात. 'डिझाइन' या शब्दाचा हा अर्थ इथून आपल्याकडे रुजला, आणि बी.डेस.चं मूळ हेच.

या दोन झाडांमध्ये पूल बांधणारे दोन मराठी नावाचे लोक आहेत, म्हणून जरा थांबतो.

सुधाकर नाडकर्णी. जे.जे.त शिकले, मग जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत गेले. ही शाळा बाउहाउसच्या वारशातली, १९५३ ला सुरू, १९६८ ला बंद, पण जगभरच्या डिझाइन शिक्षणावर तिची छाप. तिथे डिप्लोमासाठी या माणसाने विषय काय निवडला? मुंबईतलं दुधाचं केंद्र. सकाळी बाटल्यांच्या रांगेत उभं राहिलेल्यांना ते केंद्र आठवेल. परत आल्यावर १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत आयडीसी, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभागही त्यांनीच सुरू केला. आज मुलं यूसीड परीक्षा देऊन आयआयटीत बी.डेस.ला जातात, ती वाट या लोकांनी पाडलेली आहे. (आयआयटी मुंबईत बी.डेस. मात्र बरंच उशिरा, २०१५ मध्ये आलं. त्याआधी तिथे पदव्युत्तर शिक्षणच होतं.)

दुसरे र. कृ. जोशी. जन्म १९३६. हेही जे.जे.चेच. वीसेक वर्षं जाहिरात कंपन्यांत, कला दिग्दर्शक. कवीही होते. सुलेखनाचं वेड. १९८३ मध्ये आयडीसीत शिकवायला गेले. तिथून संगणकावरच्या भारतीय अक्षरांकडे वळले. तुम्ही विंडोजवर मराठी टाइप केलं असेल, तर 'मंगल' हा फॉन्ट तुम्ही वापरलाय. तो र. कृं.चा. पत्नीच्या नावावरून त्याचं नाव ठेवलेलं. सरकारी अर्जापासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत, एक आख्खी पिढी त्या अक्षरांत मराठी वाचत होती आणि बहुतेकांना तो कोणी केला हे माहीतही नव्हतं. २००८ च्या फेब्रुवारीत ते सॅन फ्रान्सिस्कोत गेले. बोरूने सुरुवात केलेला माणूस संगणकाच्या फॉन्टपर्यंत आला तो हातातली अक्षराची समज घेऊन. बटण कुठलं दाबायचं हे त्यांना कोणीही शिकवू शकलं असतं. 'क्ष'चं वळण कुठे जड करायचं हे शिकवायला मात्र माणूस मिळत नाही.

आयडीसीचाच आणखी एक विद्यार्थी तुम्हाला रोज दिसतो. पगार झाला की आपण एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहतो ना, तिथे बोर्डावर रुपयाचं चिन्ह असतं. २०१० मध्ये सरकारने मंजूर केलेलं ते चिन्ह डी. उदय कुमार यांचं. तमिळ मुलगा, आधी आर्किटेक्चर शिकलेला, मग आयडीसीत डिझाइन. चिन्हात देवनागरी 'र' आणि इंग्रजी 'आर' एकत्र. मूल आता आर्किटेक्चरला गेलं म्हणून डिझाइनची वाट कायमची बंद झाली, असं समजणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

आता कोणीतरी विचारणारच, कमल शेडगे कुठल्या कॉलेजात गेले होते? खरं आहे, कुठल्याच नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली ती शीर्षकं, नाव वाचायच्या आधीच नाटकाचा स्वभाव सांगणारी अक्षरं, त्यांची. आर्ट स्कूलचं शिक्षण नव्हतं. २०२० मध्ये गेले. पण हे उदाहरण अर्धं सांगितलं जातं. घरात वडीलही अक्षरांचंच काम करणारे, आणि कमल शेडगे ऐन विशीत टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात लागले. तो विभाग हेच त्यांचं कॉलेज होतं. चांगल्या लोकांच्या शेजारी बसून रोज काम, रोज छापून येणार, रोज चुका दिसणार. आज वर्तमानपत्रांत तसे विभाग उरले नाहीत. तेव्हा "डिग्री कशाला, शेडग्यांना कुठे होती" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की तो कला विभाग तू मुलाला कुठून आणून देणार?

मधल्या काळात जे झालं ते पटकन सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलंय. १९९० च्या आसपास संगणक आला. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले, ब्रोमाइड कापून चिकटवणारे गेले. पेजमेकर, कोरल, श्रीलिपी. गल्लोगल्ली डीटीपी. मग मल्टिमीडियाच्या इन्स्टिट्यूट निघाल्या, आणि एक गैरसमज घरोघरी पक्का झाला: सॉफ्टवेअर आलं म्हणजे डिझाइन आलं. पेजमेकर संपलं. फ्रीहँड संपलं. २००० च्या दशकात फ्लॅश शिकायला किती पोरांनी पैसे भरले! ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश अधिकृतपणे बंद झालं. आता चित्र काढून देणारी यंत्रं आली आहेत आणि पालक घाबरून विचारतात, "हा धंदा राहील का?" साधं, ठरावीक काम कमी होणार, हे मला उघड दिसतं. जे बटणावर उभे होते त्यांची जमीन प्रत्येक वेळी सरकली आहे, १९९० मध्ये आणि २०२० मध्येही. म्हणून एखादा कोर्स स्वतःची ओळखच सॉफ्टवेअरच्या नावांनी करून देत असेल, तर मी तरी तिथे तीन-चार वर्षं आणि बापाचे दिनार घालणार नाही. सुट्टीत सहा आठवड्यांत शिकायला ठीक.

तर मग फॉर्म कसा वाचायचा?

बी.एफ.ए. उपयोजित कला म्हणजे १९३५ ची वाट. हात चालला पाहिजे, चित्र यायला पाहिजे, जाहिरात-प्रकाशन-ब्रँडिंगकडे कल. सरकारी कॉलेजात फी अजूनही झेपणारी. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी सेलची एएसी सीईटी असते. जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे तिथल्या प्रवेशाबद्दल तुमच्या भाच्याने पाच वर्षांपूर्वी सांगितलेलं धरून चालू नका, त्यांचीच माहिती वाचा. आपल्या इथल्या मुलांची एक अडचण असते. महाराष्ट्रातली मुलं शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असतात, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द त्यांना सरावाचे. आपली सीबीएसईची मुलं टॅबवर सुंदर काढतात, पण कागद आणि पेन्सिल दिली की बावरतात. नववी-दहावीपासून रोज अर्धा तास समोरच्या वस्तू बघून काढायला लावा. शूज, कुकर, बाल्कनीतली सायकल. क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त.

बी.डेस. म्हणजे १९५८ च्या तांब्याची वाट. यूसीड, एनआयडीची डॅट. यूसीडला विज्ञान, वाणिज्य, कला, कुठल्याही शाखेची मुलं बसू शकतात. या परीक्षा चित्रापेक्षा बघण्याची, विचार करण्याची जास्त तपासणी करतात, तरी चित्राचा भाग असतोच. ज्या मुलाला "हे असं का?" विचारायची खोड आहे त्याला ही वाट मानवते. जे मूल तासन्‌तास एकाच अक्षराला गोंजारत बसतं त्याला कदाचित पहिली. फरक आता पूर्वीइतका कडक राहिलेला नाही, दोन्हीकडचे शिक्षक इकडे-तिकडे जातात, पण स्वभाव अजून वेगळा आहे.

खासगी विद्यापीठांत दोन्ही नावांचे कोर्स मिळतात. पुण्यात सिम्बायोसिस २००४ पासून, एमआयटी २००६ पासून डिझाइन शिकवतात. फी दिनारात मोजली तरी टोचते. तिथे जाऊन मुलांचं काम बघा. भिंतीवरचं बघू नका, ते निवडलेलं असतं. तिसऱ्या वर्षाच्या साध्या मुलाची वही मागा. आणि विचारा, देवनागरी टायपोग्राफी शिकवता का, कोण शिकवतं? उत्तर देताना चाचरले तर समजून घ्या.

पदवीचा कागद आपल्या आखातातल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा. एनआयडी कितीतरी वर्षं डिप्लोमाच द्यायची आणि जगात कोणी त्याला कमी लेखलं नाही. २०१४ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली आणि मग पदव्या आल्या. पण इथे व्हिसाच्या, अटेस्टेशनच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ही परंपरा माहीत नसते, तो 'डिग्री' शब्द शोधतो. म्हणून इन्स्टिट्यूटचं नाव कितीही चकचकीत असो, पदवीवर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार ते लेखी घ्या. वर्ग एका गावात आणि पदवी तिसऱ्याच राज्यातल्या दूरशिक्षणाची, असले प्रकार आहेत. एआयसीटीईच्या नियमांत आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी जादा जागांची तरतूद आहे. ती कुठल्या कॉलेजात लागू होते हे प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारावं लागतं, आणि एजंटाला विचारण्यापेक्षा कॉलेजला विचारा.

आणि इथलं? "इथे काय शिकणार" असं म्हणून उडवू नका. बहारीन पॉलिटेक्निकमध्ये व्हिज्युअल डिझाइनची पदवी आहे. रॉयल युनिव्हर्सिटी फॉर विमेनमध्ये ग्राफिक डिझाइन आहे, फक्त मुलींसाठी. अप्लाइड सायन्स युनिव्हर्सिटीतही आहे. जवळच दोह्यात व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाची डिझाइन शाखा १९९८ पासून आहे. या सगळ्यांत एक गोष्ट आहे जी मुंबई-अहमदाबादला सहज मिळणार नाही: उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं आणि डावीकडून उजवीकडे जाणारी अक्षरं एकाच पाटीवर बसवण्याचं शिक्षण. आपली मुलं ती पाटी जन्मापासून बघत आली आहेत. शिवाय घरात देवनागरी. तीन लिप्या डोळ्यांत असलेलं मूल ही साधी गोष्ट नाही. पण मुलीला अरबी नुसतं वाचता येऊन उपयोग नाही, ते लिहिण्याचं वळण कळायला हवं, आणि आपण सगळे शाळेत अरबीचा तास म्हणजे मार्कांपुरता मानत आलो आहोत.

उन्हाळ्यात मुंबईला जाल तेव्हा एक करा. सीएसएमटीला उतरा, मुलांना त्या दगडातल्या खारी, मोर, माकडं नीट बघू द्या, मग रस्ता ओलांडून पाच मिनिटांवर जे.जे.चं आवार आहे तिथे जा. किपलिंगचा बंगला आत आहे. वार्षिक प्रदर्शन चालू असेल तर फारच छान, सगळ्यांना बघता येतं. नसेल तर कँटीनमध्ये चहा घ्या आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला तुमच्या मुलीशी बोलायला सांगा. तुम्ही दोघं जरा लांबच्या टेबलावर बसा.